नाझरसाहेबांची जर्मनी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही उक्ती आमच्या जिल्ह्यातील बालकास बाराखडीच्या अगोदर अवगत होते. तिच्या उत्तरार्धाचा प्रत्यय स्टेशनापासून नानलपेठेपर्यंत पायी गेल्यास कोणासही येण्यासारखा असला, तरी पूर्वार्धाची स्थळपाहणी करून रीतसर पंचनामा करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या तुंबून राहिले होते. आणि ज्या दिवशी आमचे स्नेही, तहसील कचेरीतील निवृत्त नाझर, यांच्या हाती ग्रॅच्युइटीची रक्कम पडली, त्या दिवशी हे प्रलंबित प्रकरण निकाली काढण्याचा त्यांनी निश्चय केला व साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतले. नाझर म्हणजे सरकारी रोकड सांभाळणारा मनुष्य. उभी हयात दुसऱ्याचा पैसा मोजण्यात गेल्यामुळे स्वतःचा पैसा खर्च होताना पाहण्याची सवय त्यांच्या डोळ्यांना नव्हती. साऱ्या जर्मनीतून त्यांनी कोलोन शहर निवडले ते एकाच निकषावर : तेथील जगद्विख्यात कॅथीड्रल रेल्वे स्टेशनाच्या दारातच उभे असल्याने रिक्षाभाडे पडत नाही.

मुक्काम अर्थातच यूथ हॉस्टेलात. गरीब प्रवाशाची ही धर्मशाळा मूळची जर्मनांचीच. १९०९ साली रिशार्ड शिरमान नावाच्या एका शाळामास्तरास मुलांची सहल नेताना वादळाने गाठले व त्यातून ही कल्पना त्यास सुचली. मास्तरांच्या या पराक्रमाचा मला, सवर्गीय या नात्याने, अभिमान वाटला. तो वरच्या मजल्याच्या खाटेवर चढेपर्यंत टिकला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांचा साठा उशाशी होता, म्हणून पोटाची चिंता नव्हती.

कॅथीड्रलसमोर उभे राहिल्यावर मान मोडेपर्यंत वर पाहावे लागते. उंची १५७ मीटर. १८८० साली पुरे झाले तेव्हा मानवाने बांधलेली एवढी उंच वास्तू पृथ्वीतलावर दुसरी नव्हती. परंतु नाझरसाहेबांचे मन उंचीत रमले नाही, ते बांधकामाच्या तारखांत रमले. १२४८ सालच्या १५ ऑगस्टला पाया घातला गेला. सोळाव्या शतकात द्रव्य आणि उत्साह ही दोन्ही एकाच वेळी आटल्याने काम बंद पडले. दक्षिणेकडील अर्ध्या मनोऱ्याच्या माथ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी जशीच्या तशी उभी राहिली, ती १८६८ पर्यंत हलली नाही. मध्यंतरी १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, आणि पैसा कमी पडला तेव्हा देवाच्या घरासाठी चक्क लॉटरी काढण्यात आली. पाया घातला तेव्हा आमच्या मुलखावर देवगिरीचे यादव राज्य करीत होते, काम पुरे झाले तेव्हा हैदराबादचे निजाम. एकूण ६३२ वर्षे! सुधारित अंदाजपत्रके, मुदतवाढी आणि अर्धवट पूल यांत ज्याची कारकीर्द गेली, त्या मनुष्याच्या मुखावर हा हिशेब ऐकताना जे समाधान पसरले, ते तीर्थक्षेत्री गेलेल्या भाविकाच्या मुखावरही मी क्वचितच पाहिले आहे.

त्यातही त्यांना सर्वाधिक भावली ती नकाशाची हकीकत. दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा चर्मपत्रावर काढलेला होता, तो गहाळ झाला. पुढे १८१४ साली त्याचा अर्धा भाग डार्मश्टाट गावी एका खानावळीच्या माळ्यावर मिळाला आणि उरलेला अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये.

“मास्तर,” नाझरसाहेब सद्‌गदित होऊन म्हणाले, “दप्तर गहाळ झालं, अन् सापडलं ते बी दोन मुलखांत अर्धं-अर्धं, अन् एकाची बी खातेनिहाय चौकशी लागली नाही?”

आत जाण्यास तेव्हा दमडी पडत नव्हती, म्हणून आम्ही आत पुष्कळ वेळ काढला. वेदीमागे सोन्याने मढवलेली एक पेटी आहे. बाळ येशूच्या दर्शनास पूर्वेकडून आलेल्या तीन राजांच्या अस्थी तीत आहेत, अशी श्रद्धा. या अस्थी ११६४ साली कोलोनच्या आर्चबिशपाने मिलान शहरातून उचलून आणल्या, आणि यात्रेकरूंच्या लोंढ्यांनी कोलोनची भरभराट झाली. मिलानकरांनी अर्थातच हक्क सोडला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांना थोडीशी हाडे परत मिळाली. साईबाबांच्या जन्मस्थानाचा मान पाथरीला, म्हणजे आमच्याच जिल्ह्याला, देण्यावरून २०२० च्या जानेवारीत शिर्डी बंद राहिली होती, हे येथे सांगितले पाहिजे, कारण पेटीसमोर हात जोडून नाझरसाहेब पुटपुटले, “साडेसातशे वर्षांनी का होईना, निकाल लागला. पाथरीवाल्यांनी धीर सोडू नये.”

मनोऱ्यावर जाण्यास ५३३ पायऱ्या आहेत आणि तिकीटही आहे. स्वतःच्या पायांनी चढायचे आणि वर पैसेही भरायचे, ही व्यवस्था नाझरसाहेबांना दुहेरी करआकारणी वाटली; सबब मनोरा दुरून पाहण्यासाठी आम्ही ऱ्हाइन नदीवरील होहेनत्सोलर्न पुलावर गेलो. तेथे मात्र त्यांच्यावर घोर प्रसंग ओढवला. या पुलाच्या जाळीला प्रेमी युगुले आपापल्या नावांची कुलुपे लावतात आणि किल्ल्या नदीत फेकून देतात. ज्या माणसाने कोषागाराच्या किल्ल्या उशाखाली ठेवून सारी नोकरी केली, त्याला हजारो सुस्थितीतील कुलुपे आणि त्यांच्या जलसमाधिस्थ किल्ल्या यांचा विचार करवेना. पूल संपेपर्यंत त्यांनी खाली पाहिले नाही.

मन शांत झाले ते सुगंधाने. आमच्या लहानपणी ताप चढला, की आई कोलनवॉटरच्या घड्या कपाळावर ठेवी. त्या द्रवाचे जन्मगाव हेच. १७०९ साली योहान मारिया फरिना या इटालियन गृहस्थाच्या घराण्याने येथे पेढी थाटली, आणि पुढे ४७११ हा घरक्रमांकच ज्याचे नाव झाले, असे एक प्रतिस्पर्धी पाणी निघाले. या ४७११ च्या दुकानात त्या सुवासिक पाण्याचे कारंजे बसवलेले आहे, त्यात कोणीही बोटे बुडवावीत. नाझरसाहेबांनी तिघा जणांच्या तापास पुरेल एवढा उपरण्याचा पदर भिजवला.

रात्री ब्रूअरीत गेलो. शास्त्रापुरता मी, देखरेखीपुरते ते. कोलोनची बिअर वीतभर पेल्यात येते, आणि पेला रिकामा होताच वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो. असा आग्रह गंगाखेडच्या लग्नाच्या पंगतीनंतर प्रथमच पाहत असल्याने मी भारावून गेलो. परंतु प्रत्येक पेल्यामागे वाढपी पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीची एक रेघ ओढतो, ही गोष्ट नाझराच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. पुठ्ठा पेल्यावर झाकला, की वाढणे थांबते. पण ही युक्ती शेजारच्या टेबलावर पाहण्यापूर्वीच नाझरसाहेबांनी, पत्रावळीवर धरतात तसे, दोन्ही हात माझ्या पेल्यावर आडवे धरले होते.

या देशात त्यांना मनापासून पटलेली व्यवस्था एकच. पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत आगाऊ घेतात, आणि रिकामी बाटली दुकानातील यंत्रात घातली, की तेवढ्या रकमेची पावती मिळते. अनामत आणि परतावा हे शब्द कानी पडताच त्यांच्या अंगात तारुण्य संचारले. शनिवारी संध्याकाळी नदीकाठच्या हिरवळीवर तरुण मंडळी बाटल्या टाकून उठत होती, आणि नाझरसाहेब, गळ्यात माळ व हातात पिशवी घेऊन, सरकारी येणे वसूल करावे तशा निष्ठेने त्यांच्या मागून फिरत होते. यंत्राने चार युरोंची पावती दिली. ती वटवायला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. दुसरा दिवस रविवार होता, आणि रविवारी जर्मनीत बाजार कडेकोट बंद असतो. सोमवारी पहाटेच आमची गाडी होती.

ती पावती आता परभणीत नाझरसाहेबांच्या पंचांगात आहे. ती फक्त त्याच दुकानात वटते. गावातील कोणाचा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीस निघाल्याची वार्ता आली, की ते अर्धा किलो पेढे घेऊन अभिनंदनास जातात आणि उठताना पावतीचा विषय काढतात. आजवरचे सर्व मुलगे म्यूनिककडे निघालेले होते. पेढ्यांची एकूण किंमत पावतीच्या कितीतरी पट झाली, हे मी एकदा त्यांच्या निदर्शनास आणून दिले. पेढे हा किरकोळ खर्च आहे आणि पावती ही थकबाकी आहे, दोन्हींची खाती वेगळी, असे त्यांनी मला बजावले.