शाहीर, दोनच मिनिटं!

क्षेत्रफळानं राज्यात पहिला असलेल्या आमच्या नगर जिल्ह्यात तालुके चौदा, आणि तालुक्यागणिक शाहीर किमान एक. हा माणूस गाणं स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो, गातो स्वतः, आणि कार्यक्रम संपला की वायरही स्वतःच गुंडाळतो. यात्रेच्या पत्रिकेत यातलं काही येत नाही. तिथं कीर्तनकारांचं नाव ठळक, कुस्त्यांच्या हगाम्याची वेळ ठळक, देणगीदारांच्या नावांचे तीन रकाने, आणि सगळ्यांत खाली 'रात्री ९ वा. मनोरंजनाचा कार्यक्रम'. तो कार्यक्रम म्हणजे आपले शाहीर.

वय पन्नाशीच्या पुढं. अंगात झब्बा, वर जाकीट, पिशवीत तीन फेटे. भगवा १९ फेब्रुवारीचा, निळा १४ एप्रिलचा, पिवळा ३१ मेचा, म्हणजे चौंडीच्या अहिल्यादेवींच्या जयंतीचा. गाडी वेशीतून आत शिरेपर्यंत फेटा बदललेला असतो. चाल मात्र तीच. त्यात शाहिरांना काही वावगं वाटत नाही. "तिन्ही माणसं मोठी. मी कुणाबद्दल खोटं लिहिलंय का?" नाही लिहिलं, हे कबूल. फक्त एका १४ एप्रिलला सवयीनं दुसऱ्याच कडव्यातला घोडा उधळला, तेव्हा ढोलकीवाल्यानं मोठा तोडा वाजवून तो आवरला.

पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावची मंडळी तिथं जाऊन फडमालकांशी सुपारी ठरवतात. आमच्या शाहिरांची राहुटी म्हणजे माळीवाडा स्टँडाजवळची चहाची टपरी आणि फोन.

"शाहीर, सात तारखेला मोकळे आहात का?"

"डायरी बघून सांगतो." डायरी कोरीच असते. तरी पानं फोनजवळ फडफडवायची, हा धंद्याचा नियम.

"घेता किती?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं राव! गावाच्या मानानं द्या."

गावाचा मान नेमका किती, हे ठरायला दोन चहा लागतात. पंचवीसपासून सुरू झालेली गोष्ट पंधरा हजारांवर तुटते. इसार म्हणून दोन हजार लगेच फोनवर येतात आणि बाकीचे 'कार्यक्रम झाल्यावर'. या दोन शब्दांनी शाहिरांची अर्धी जिंदगी खाल्ली.

प्रवास जुन्या ओम्नीतून. पाच माणसं, पेटी, ढोलकी, डफ आणि संबळ. ओम्नीचं दार चालत्या गाडीत उघडतं, म्हणून झीलकरी भाचा ते धरून बसतो. त्याचं आयटीआय चालू आहे, पण दार त्याला अजून दुरुस्त करता आलेलं नाही. शाहिरांना चाली सुचतात त्या नगर-मनमाड रस्त्यावर. समेच्या आधी जिथं हिसका बसतो, तिथं राहुरी आली असं समजावं. अकोले तालुक्यात गायला पावसाचं गाणं, जामखेडला टँकरचं. शब्द वेगळे, हिसके तेच.

स्टेज म्हणजे बहुतेक वेळा फाळका पाडलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. करंजी घाटापलीकडच्या एका यात्रेत त्यांना ऐकलं. गण झाला, शाहिरांनी डफ उचलला, पहिली ओळ अर्धी झाली आणि कमिटीचा माणूस माईकवर आला. "शाहीर, दोनच मिनिटं! बाळासाहेबांचं आगमन झालंय." बाळासाहेब बावीस मिनिटं बोलले. शाहिरांनी पुन्हा डफ उचलला. "शाहीर, दोनच मिनिटं! लाल टी-शर्टचा मुलगा सापडलाय." तो आईला मिळाला. तिसऱ्यांदा चिठ्ठी आली, पांढरी स्विफ्ट पाण्याच्या टँकरला आडवी लागलीय. शाहिरांनी माईक काही सोडला नाही. गाडीचा नंबर, रंग, मालकाचं बेफिकीर वागणं आणि टँकरची तहान, सगळं वीररसात गायलं, आणि भाच्यानं मागून जोरात 'जी जी रं जी' दिलं. मालक खाली मान घालून उठला, गाडी निघाली, आणि गावानं शिट्ट्या मारून वन्स मोअर घेतला. मूळ पोवाडा त्या रात्री झालाच नाही. माझं मत विचाराल तर त्यांच्या दहातली सात गाणी भरतीची आहेत. हे स्विफ्टचं मात्र अस्सल होतं, आणि ते त्यांनी कागदावर उतरवून ठेवलेलं नाही.

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं तेव्हा बाकीच्यांनी पाट्या बदलल्या, शाहिरांपुढं मात्र मात्रेचा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या जिल्हागौरव पोवाड्याचं ध्रुपद 'अहमदनगर'वर बेतलेलं. ते सात लघू, सात मात्रा. 'अहिल्यानगर' झाल्या आठ. नाव बदलल्याचं वाईट नाही, पण ही वरची मात्रा ठेवायची कुठं? शेवटी ढोलकीवाल्याला सांगितलं, "तिथं तू एक थाप गिळ." तो गिळतो. पैसे वाटताना मात्र तिचा वेगळा हिशोब मागतो.

शाहिरांची दैवतं दोन. पहिले संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९). त्यांचं नाव घेताना शाहीर कानाची पाळी धरतात. अहिल्यादेवींनी सांगितलं म्हणून फंदींनी तमाशा सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. ती प्रत्येक कार्यक्रमात सांगून शाहीर म्हणतात, "मला अजून कुणी सोडायला सांगितलं नाही!" लगेच पुढच्या रांगेतून आवाज येतो, "आम्ही सांगतो की!" एखाद्या गावात तो आवाज आला नाही तर भाचा मागून देतो.

दुसरे वामनदादा कर्डक, शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. गावोगाव हिंडून स्वतःची गाणी गायली, २००४ मध्ये गेले, आणि गाणी आजही लोकांच्या तोंडी आहेत. आमच्या शाहिरांचं दुसऱ्याच्या तोंडी गेलेलं गाणं एकच, तेही नेवाशाकडच्या एका शाहिरानं उचललेलं. त्यावरून फोनवर कडाक्याचं भांडण झालं. पण घरी येऊन त्यांनी बायकोला पेढे दिले. "चोरीला गेलं, म्हणजे माल चांगलाय."

बायकोचा हिशोब निराळा. कार्यक्रमागणिक शाल आणि श्रीफळ. नारळांची चटणी होते, पण शालींचं काय करायचं? एक पेटीवर, दोन शेळ्यांवर, आणि बाकीच्या पुढच्या लग्नसराईत पाहुण्यांच्या गळ्यात. पाकीट हातात पडलं की शाहीर ते न उघडता नुसतं अंगठ्यानं दाबतात आणि भाच्याकडे बघतात. त्या नजरेवरून गाडी वाटेत ढाब्यावर थांबणार की थेट घरी जाणार, हे भाच्याला कळतं.

हल्ली शाहिरांच्या पिशवीत फेट्यांखाली एक फाईल असते. ज्येष्ठ कलावंतांना सरकारचं मानधन मिळतं, महिना ५,००० रुपये. त्यासाठी कलेचा पुरावा लागतो. कार्यक्रमाचे फोटो आहेत, पण त्यांत पुढारी पुढं आणि शाहीर फेट्याच्या तुऱ्यापुरते मागं. कात्रणं आहेत, त्यांत 'सूत्रसंचालन अमुक यांनी केले, आभार तमुक यांनी मानले'. राहिल्या पत्रिका. त्या त्यांनी यात्रेमागून यात्रा जपून ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीवर 'मनोरंजनाचा कार्यक्रम' या ओळीखाली निळ्या पेनानं रेघ मारली आहे. तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, "यात तुम्ही कुठं आहात?" शाहिरांनी रेघेवर बोट ठेवलं. साहेबांनी फाईल परत दिली.

तेव्हा यात्रा कमिट्यांना आणि जयंती मंडळांना विनंती आहे. यंदा शाल नाही दिली तरी चालेल. पत्रिका छापायला टाकाल तेव्हा शाहिरांचं नाव, गाव आणि तारीख तेवढी घाला. अक्षर बारीक असलं तरी चालेल.