एक किलवर

ज्या जिमखान्यात ब्रिजची चार टेबलं लागतात, तिथे एक अण्णा असतातच. आमचे अण्णा नोकरीतून निवृत्त झाले, सिस्टिममधून नाही. पत्त्यांच्या बोलीची त्यांची सिस्टिम म्हणजे प्रिसिजन. हातात १६ किंवा जास्त पॉइंट आले की 'एक किलवर' म्हणायचं. त्याचा किलवरशी काही संबंध नाही. हात भारी आहे, एवढाच अर्थ. भिडूकडे ८ पॉइंटही नसतील तर त्याने 'एक चौकट' म्हणायचं. त्याचा चौकटशी संबंध नाही. म्हणजे अण्णांनी नसलेली किलवर बोलायची आणि मी नसलेली चौकट. घरी मेंढीकोटला असं कुणी केलं असतं तर आजीने पत्ते काढून घेतले असते.

हे अण्णांना बोललो की ते थेट १९२५ सालात, व्हँडरबिल्टबरोबर बोटीवर जाऊन बसतात. पनामा कालव्याच्या त्या सफरीत त्याने कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली. भारी हाताला एक किलवर, ही युक्तीही त्याचीच. मग जहाजांच्याच धंद्यातले सी. सी. वेई येतात. त्यांची प्रिसिजन खेळून तैवानचा संघ १९६९ साली बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. तिथे इटलीकडून हरला, हे अण्णा चहाचा घोट घेता घेता सांगतात.

खरं तर अण्णांचा हात ओळखायला सिस्टिम लागतच नाही. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, असे ओठ हलू लागतात. बेरीज पुन्हा होते. चष्मा पुसला जातो. हलका हात आला की लगेच पास आणि "अरे, चहा सांगा!"

गेल्या शनिवारी चष्मा दोनदा पुसला गेला. "एक किलवर." माझ्याकडे किलवरची पाच पानं, वर गुलाम, बाकी रद्दी. कुणीतरी माझ्या मनातलं बोललं, असं वाटून मी म्हटलं, "पास." चौथ्यानेही तत्परतेने पास दिला. किलवरचे एक्का, राजा, राणी त्याच्याकडेच होते. तो कशाला तोंड उघडतोय!

अण्णांकडे २३ पॉइंट निघाले. इस्पिकची सहा पानं, त्यात एक्का, राजा, राणी. बदाम आणि चौकट दोन्हींचे एक्का-राजा. किलवरची मात्र दुरी आणि तिरी. घाम पुसत त्यांनी कसेबसे सात हात काढले. शेजारच्या टेबलावर त्याच पानांवर चार इस्पिक बोलून बरोबर दहा हात झाले. आम्हाला ७०, त्यांना ४२०. तो आकडा अण्णांनी माझ्याकडे बघत दोनदा वाचला.

ओरडले नाहीत. रविवारी सकाळी सिस्टिमच्या नोट्सची नवी प्रत घरी आणून दिली. पहिल्या पानावर लाल शाईत: 'एक किलवरवर पास नाही. ताप असला तरी नाही.'

येत्या शनिवारी मला गावी जायचं आहे. अण्णांना भिडू हवाय, संध्याकाळी पाचला. हातात चौकट नसली तरी चालेल.