धूरवाले अण्णा

पवना धरणाच्या काठाने बंगले बांधणाऱ्यांना खिडकीतून पाणी दिसायला हवं असतं, मागच्या दाराशी रान हवं असतं आणि डास मात्र अजिबात नको असतात. पाण्याचं आणि रानाचं बिल्डर बघतो. डासांसाठी अण्णांना फोन जातो. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये ते ‘धूरवाले’ म्हणून साठवलेले असतात, आणि हे कळलं की अण्णांचा पारा चढतो. त्यांच्या मते धूर हा त्यांच्या धंद्यातला सर्वांत हलका भाग. वर्षानुवर्षं एका पालिकेच्या हिवताप विभागात हंगामी फवारणी कामगार म्हणून पंप पाठीवर वाहिल्यावर माणसाला एवढं मत असायचा हक्क आहे.

गमबूट, डोक्याला टॉवेल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पण उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. तो उघडा हात हे अण्णांचं मुख्य यंत्र. संध्याकाळी बंगल्यात शिरले की कोणाशी न बोलता बागेतल्या दगडावर हात पुढे करून बसतात आणि येईल तिला बसू देतात. ‘ती’च म्हणतात, कारण चावते ती मादीच, नर बापडा फुलांच्या रसावर गुजराण करतो. पायांवर पांढरे पट्टे दिसले की एडिस, म्हणजे डेंग्यूवाली. बुड वर करून तिरपी बसली की अॅनाफिलीस, हिवतापवाली. हाताला समांतर बसलेली, मळकट रंगाची असली की क्युलेक्स, आणि मग अण्णा मान वर करून थेट विचारतात, “साहेब, संडासाच्या टाकीचं झाकण फुटलंय का?” दीड कोटीचा बंगला नुकताच पाहुण्यांना दाखवून झालेल्या साहेबांना हा प्रश्न झेपत नाही. पण झाकण फुटलेलं असतं. नसेल, तर टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी नसते. अण्णांच्या खिशात जुन्या मच्छरदाणीचे तुकडे आणि सुतळी कायम असते. तिथल्या तिथे पाइपचं तोंड बांधून टाकतात.

एका मॅडमना ते एकदा म्हणाले, “तुमच्याकडं दिवसा येणारी एक बाई आहे, पट्ट्यापट्ट्यांची. तिचा आधी बंदोबस्त करू.” मॅडमनी घाबरून केअरटेकरच्या बायकोला हाक मारली, आणि दुर्दैवाने तिने त्या दिवशी पट्ट्यांचीच साडी नेसली होती.

प्रत्येक मालकाचा ठाम आरोप असतो की डास धरणातून येतात, नाहीतर जंगलातून. अण्णा दोघांचंही वकीलपत्र घेतात. “मॅडम, धरणात लाटा आहेत, मासे आहेत. हलत्या पाण्यात अळीला वर येऊन श्वास घेता येत न्हाय. काठाला गवतात साचलेलं डबकं असंल तर ते मी बघतो. पण ही पट्टेवाली सहसा चारशे मीटरच्या पुढं जात न्हाय. धरणातून तुमच्याकडं यायचं म्हणजे तिला एसटी धरावी लागंल, आणि एसटी हितं कुठं वेळेवर येते?” एवढं झालं की आरोपीच्या पिंजऱ्यात मालकच उरतात.

मग झडती सुरू होते, आणि अण्णांना बघावं तर इथे. कुंपणाच्या बांबूंशी ते उकिडवे बसतात. माळ्याने बांबू मधूनच छाटलेले असतात, त्यामुळे प्रत्येक खुंटाचा एक पेला झालेला, वर पावसाचं पाणी. अण्णा गुरांना औषध पाजायची पिचकारी आत घालतात, पाणी ओढतात आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या वाडग्यात सोडतात. पाणी चहाच्या रंगाचं, तळाशी कुजका पाला. क्षणभर काहीच दिसत नाही. मग अण्णा वाडग्यावर हाताची सावली धरतात आणि सगळं पाणी वळवळत खाली पळतं. अळ्या, आणि त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे कोष. “हे उद्या-परवा उडतील,” असं अण्णा सांगतात ते बारशाचं आमंत्रण दिल्याच्या सुरात. मग माळ्याला बोलावून शिकवणी: बांबू कापायचा तो पेराच्या अगदी वरच्या अंगाला, म्हणजे पेला राहतच नाही. उंबराच्या ढोलीत वाळू भरायची, अगदी काठापर्यंत. ताडपत्रीच्या घड्या झटकायच्या. करवंट्या पालथ्या. फ्रिजच्या मागची ताटली.

त्यांचा खरा राग मात्र बुद्धाच्या कारंज्यावर आहे. बुद्धावर नाही, कारंज्यावर. बंगल्याबंगल्यांतून ध्यानस्थ बुद्धाच्या पायाशी हे कारंजं असतं आणि ते फक्त मालक आल्यावर सुरू होतं. मालक पंधरवड्यातून एकदा येतात. अंड्याचा डास व्हायला पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे रविवारी रात्री मालक पुण्याला निघाले की इकडे संसार सुरू होतो आणि पुढच्या खेपेला मालक दार उघडतात तेव्हा लेकीबाळी स्वागताला उभ्या असतात. हा हिशेब अण्णा जमिनीवर काडीने मांडून दाखवतात. एका साहेबांना त्यांनी फोनवर कळकळीने सांगितलं, “साहेब, दर शनिवारी ड्राय डे पाळायचा. कडक.” साहेबांनी करारच रद्द केला. अण्णांना म्हणायचं होतं ते सरकारी आरोग्य खात्याचं ‘कोरडा दिवस’: आठवड्यातून एकदा भांडी, पिंपं, कुंड्या रिकाम्या करून घासून कोरड्या ठेवा, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात.

मालकांना हे नको असतं. त्यांना धूर हवा असतो. धूर दिसतो, वास येतो, मशीनचा आवाज होतो, पैसे दिल्यासारखं वाटतं. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळीच्या केसालाही धक्का लागत नाही, हे अण्णा प्रत्येक वेळी सांगतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतं, “पण मारणार ना?” दुपारी दोन वाजता मारा म्हणणारेही भेटतात. तापलेली हवा वर जाते, तिच्याबरोबर धूरही वर जातो. डास खाली पानांच्या सावलीत बसून राहतात. हेही अण्णा सांगतात. शेवटी मशीन सुरू करतात. “धूर डासांसाठी नसतो, माणसांसाठी असतो,” हे त्यांचं म्हणणं, आणि माणसांसाठीचा दर त्यांनी दुप्पट ठेवला आहे. त्यांना साधुसंत समजू नका. वाढदिवसाच्या पार्टीआधी ते अंगणभर असा पांढरा पडदा उभा करतात की केक कुठे आहे ते हाताने चाचपावं लागतं.

निळ्या दिव्याच्या सापळ्याचा विषय काढला तर ते फक्त त्याखालचा ट्रे ओढून दाखवतात: पतंग, भुंगेरे आणि शोधून काढावे लागतील इतके डास. डासाला ओढतो तो आपला श्वास आणि घामाचा वास, दिवा नव्हे. त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत. गप्पी माशांबद्दल मात्र तासभर बोलतील. कमळाच्या टाक्यात गप्पी सोडतात, पण शेजारच्या ओढ्यात एकही सोडू देत नाहीत. “ओढ्यात चतुराची पिल्लं हायेत, ती खातात अळ्या. बाहेरचा मासा घालून त्यांच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?”

दर वीस ऑगस्टला त्यांच्या व्हॉट्सअॅपवर रोनाल्ड रॉसचा फोटो आणि खाली ‘जागतिक डास दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’. त्या तारखेला, १८९७ साली, सिकंदराबादेत रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला. अण्णांना रॉसपेक्षा हुसेन खान हा त्याचा रुग्ण जास्त जवळचा वाटतो. डास चावून घेण्यासाठी त्याला पैसे मिळाले होते. “आणि मला घालवायचे मिळत न्हायत,” असं म्हणून ते वहीतली थकबाकी दाखवतात. त्या वहीत एका बंगल्यापुढे ओळीने लिहिलंय: कारंजे बंद, सांगितले. कारंजे बंद, सांगितले. धूर मारला. कारंजे बंद.

अण्णांना बोलवायचंच असेल तर पावसाच्या आधी, मे महिन्यात बोलवा. एकदा पाऊस लागला की ते फोन उचलत नाहीत, आणि उचललाच तर फ्रिजच्या मागची ताटली शेवटची कधी उपसली ते विचारतात. उत्तर तयार ठेवा.