शुभमंगल, पण चार्ज होतोय

"काका, किती वॉट-सेकंदाचा घेऊ?"

लग्नसराईच्या आधी सांगली-मिरजेकडची होतकरू पोरं फ्लॅशविषयी विचारायला येतात, ती हाच प्रश्न घेऊन. व्हिडिओ बघून बघून ताकदीचे हे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. मी उलट विचारतो, "शेवटचं 'सावधान' आणि नवरीचा हार, यात किती वेळ जातो?" पोरगं डोकं खाजवतं. एवढी लग्नं जेवून आलेलं असतं, पण हे काही त्याने मोजलेलं नसतं.

सहा-सात सेकंद. तेवढ्यात भटजी अंतरपाट ओढतात, ताशा कडाडतो, पाचशे लोक अक्षता फेकतात (त्यातल्या निम्म्या माझ्या लेन्सवर), नवरी हार उचलते, नवरदेवाचे मित्र आगाऊपणे त्याला वर उचलतात, मग नवरीचा मामा इरेला पेटून नवरीला वर उचलतो, आणि हार पडतो. यातलं काहीही पुन्हा होत नाही. केक पुन्हा कापता येतो, सप्तपदीही भटजी भला असेल तर दोन पावलं मागे घेऊन चालून दाखवतात. पण मामाला पुन्हा नवरी उचलायला सांगून बघा.

अशा वेळी फ्लॅश एकदा लखलखतो आणि मग दुसऱ्यासाठी दम खात बसतो. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज पुन्हा भरेपर्यंत तो काही करू शकत नाही. कॅमेरा मात्र इमानदार, बटण दाबलं की तो फोटो काढतोच. त्या फोटोत मागची एलईडी वॉल दिसते, तिच्यावर वधूवरांची नावं झगमगताना दिसतात, आणि पुढे दोन काळ्या आकृत्या. कोण कोणाला हार घालतंय, हे नावांवरून ओळखायचं.

म्हणून माझ्या लेखी फ्लॅशचा पहिला आकडा म्हणजे तो पुन्हा भरायला लागणारे सेकंद. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या फ्लॅशगनमध्ये साधे अल्कलाईन सेल घातले, तर पहिल्या तासाभरातच हा वेळ वाढत जातो. सेल संपलेले नसतात. तेच सेल घरी नेऊन भिंतीवरच्या घड्याळात घाला, वर्षभर टिकटिक करतील. पण फ्लॅशला एकदम भसकन वीज लागते आणि त्यांचा अंतर्गत रोध ती सोडू देत नाही. रिचार्जेबल निकेलचे सेल १.२ व्होल्टचे आणि अल्कलाईन १.५ चे, त्यामुळे दुकानदार हमखास दुसरे पुढे करतो, "हे जास्त पावरचे आहेत" म्हणून. कामाला चांगले पहिलेच, कारण ते मागितल्याबरोबर वीज देतात. लिथियमची बॅटरी आली आणि या पेन्सिल सेलांच्या कटकटीतून आम्ही सुटलो.

आता लोकांना हा सगळा त्रास वाटतो, तेव्हा मी त्यांना १८८७ ची आठवण करून देतो. जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची चमकपूड काढली. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांचे रात्रीचे फोटो काढायला निघालेल्या जेकब रीसने ती उचलली. आधी तो पिस्तुलासारख्या नळीतून बार उडवायचा, पण लोक घाबरून पळायला लागले, म्हणून चक्क तळायच्या तव्यावर पूड पेटवायला लागला. एकदा एका खोलीत त्याने भिंतच पेटवली. बाहेर पोलिसाने सांगितलं, घाबरू नका, हे घर मागच्या थंडीतही सहादा पेटलंय, पण भिंतींवर मळाचा थरच असा आहे की आग आपोआप विझते. आमच्याकडे मंडप थर्माकोलचा आणि कापडाचा. मळ म्हणावा, तर मंडप सकाळीच बांधलेला. तवा आणला असता तर वरात अग्निशामक दलाच्या गाडीतून निघाली असती.

जुन्या कार्यालयांत एक सुख होतं. छत पांढरं असायचं. गनचं तोंड वर करायचं, उजेड छतावर आदळून मऊ होऊन खाली यायचा. आता छताला मरून, केशरी, गुलाबी कापडाच्या झालरी. उजेड त्यांचा रंग घेऊन उतरतो. हळद आदल्या दिवशीच झालेली असते, पण नवरदेव रिसेप्शनलाही पिवळाच. लॉनवर तर छतच नाही, आणि मुहूर्त मे महिन्यातला, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. उन्हाशी झुंजायला शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर न्यावं, तर हाय-स्पीड सिंक लावावं लागतं. त्यात फ्लॅश एक मोठी चमक न देता बारीक चमकांची माळ लावतो आणि ताकद निम्म्याहूनही खाली येते. शिवाय तापला की स्वतःला वाचवायला हळू होतो. इथे छोट्या गनचं काम नाही, हे कबूल.

म्हणून मी गोडॉक्सचा एडी २०० वापरतो. विटेएवढा ठोकळा, सुमारे किलोभर वजन, २०० वॉट-सेकंद, पूर्ण ताकदीने एका चार्जवर पाचशेच्या आसपास चमका, आणि भरायला जास्तीत जास्त २.१ सेकंद. पाव ताकदीवर ठेवला तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत तयार. आणि कार्यालयाच्या आत पाव ताकद पुरतेही. आयएसओ ४०० वरून १६०० वर नेला की चौपट उजेड फुकटात मिळतो, आजचे कॅमेरे तेवढ्याने कुरकुरत नाहीत. पोरांना हे सांगितलं की ती नाराज होतात. मोठा आकडा विकत घ्यायची हौस असते, तो निम्मासुद्धा न वापरण्याची नसते.

हा ठोकळा काठीवर लावून, पुढे छोटा सॉफ्टबॉक्स चढवून आमचा बारक्या माझ्या मागे मागे फिरतो. एका आजींनी त्याला विचारलं होतं, "बाळा, ही अब्दागिरी नवरदेवाची की फोटोवाल्याची?" स्टँडपेक्षा बारक्या बरा. स्टँडला मुलं अडखळतात, वाऱ्याने छत्री उडते. बारक्याची अडचण निराळी. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. बारक्या दोन मीटरवर उभा असताना मी हिशेब बसवतो, मग पंगतीत जिलेबी आली असं त्याच्या नाकाला कळतं आणि तो चार मीटरवर सरकतो. उजेड थेट पाव. त्यामुळे आमचं एक्स्पोजर मठ्ठ्याच्या पिंपाची जागा बघून ठरतं.

फ्लॅश दुरून उडवणाऱ्या रेडिओ ट्रिगरचे किस्से वेगळेच. एका कार्यालयात वर लग्न, खाली मुंज. माझा फ्लॅश कोणी न दाबता धडाधड चमकायला लागला. भटजी मंत्र थांबवून वर बघायला लागले. खालच्या फोटोवाल्याचाही तोच ट्रिगर, तेच चॅनल. बटूचे केस खाली उतरत होते आणि बॅटरी माझी. चॅनल बदलायला दहा सेकंद लागतात, पण तेवढ्यात व्हिडिओवाला तणतणत आला. त्याच्या चित्रात अर्धा पडदा पांढराफटक पडत होता. त्याला चॅनल समजावण्यापेक्षा खाली जाऊन मुंजीचं जेवण उरकणं सोपं होतं.

तर पोरांनो, एक मोठा घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या, जास्तीची बॅटरी घ्या, आणि गोव्याच्या लग्नाला विमानाने जाणार असाल तर बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवा. १४.४ व्होल्ट गुणिले २.९ अँपिअर-तास, म्हणजे ४२ वॉट-तासही होत नाहीत. मर्यादा शंभरची आहे.

फक्त नवरीच्या वडिलांचं काय करायचं, यावर कुठल्याच कंपनीने उपाय काढलेला नाही. माझा ठोकळा बघून त्यांचा चेहरा पडतो. "एवढुसाच लाइट? थोरलीच्या लग्नात केवढाल्या छत्र्या होत्या!" म्हणून मी आता स्टेजच्या डाव्या बाजूला एक मोठी पांढरी छत्री उभी करतो. तिच्यात फ्लॅश नसतो, दिवा नसतो, साधी वायरसुद्धा नसते. वडील खूश होतात. परवा एका लग्नात थोरले काका दर पाच मिनिटांनी येऊन ती जराशी वळवायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "अजून थोडे इकडे या, आत्ता बघा कसा तोंडावर उजेड पडला!"