किरणोत्सव आणि मामाची तोंडी परीक्षा

कोल्हापुरात मुलांना खगोलशास्त्र शिकवायला दुर्बीण लागत नाही; गर्दीत खांद्यावर घेणारा मामा लागतो. 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणं देवळाच्या महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात आणि अंबाबाईच्या पायांपासून वर चढू लागतात. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला पुन्हा तेच. सगळं गाव हात जोडून किरणोत्सव बघतं. माझी भाची मात्र खांद्यावर बसून प्रश्न विचारते, आणि तेही अशा आवाजात की पुढच्या रांगा उत्तर ऐकायला मागं वळतात.

"मामा, आजच का रं?"

सूर्य रोज बरोबर पश्चिमेला मावळत नाही, इथून मी सुरुवात केली.

"पुस्तकात तर पश्चिमेलाच मावळतोय की!"

शेजारच्या दोन आज्ज्यांनी पुस्तकाच्या बाजूनं माना हलवल्या. खरं म्हणजे बरोब्बर पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, त्यामुळं मावळतीची जागा वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत राहते. या तीन दिवसांत ती पश्चिमेपासून साधारण 18 अंश दक्षिणेला असते आणि देवळाच्या दारांची रांग नेमकी त्या दिशेला सापडते. एवढं सांगून होईपर्यंत किरण उंबऱ्यावर आलं होतं. सूर्य खाली उतरतो तसं किरण आडवं होतं, आत शिरतं आणि मूर्तीवर वर चढतं. सूर्य खाली, किरण वर! यावर आज्ज्यांनीही मान्यता दिली.

पुढचा पेपर अवघड होता. नोव्हेंबर आणि जानेवारी, दोनदा का? इथं रंकाळा तलाव धावून आला. कट्ट्यावर फिरायला निघालेला माणूस टोकापर्यंत जातो, वळतो आणि परत येतो. मधली भेळेची गाडी त्याला दोनदा लागते. सूर्याचं दक्षिणेचं टोक 21-22 डिसेंबरला. 9 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 42 दिवस, आणि तिथून 31 जानेवारीपर्यंत 41. जाताना एकदा, येताना एकदा.

"आणि भेळ?"

ती दोन्ही वेळा मामानं द्यायची, असा निकाल लागला.

नंतर एका संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाता खाता तिला सांगितलं, की सूर्य पाण्याला टेकल्यासारखा दिसतो तेव्हा तो खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेत प्रकाश वाकतो म्हणून दिसतो. तिनं मोबाईल उंचावलेल्या गर्दीकडं बघितलं. "म्हणजे ही माणसं नसलेल्या सूर्याचे फोटो काढत्यात?"

घरात बॅटरी आणि पृथ्वीगोल घेऊन हेच समजावणारे पालक मला माहीत आहेत. पोरं बॅटरी नाकाखाली धरून भूत होतात आणि तास संपतो. आकाशाचा धडा आकाशाखालीच द्यावा, असं माझं ठाम मत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म 1938 साली याच गावचा, तेव्हा इथल्या मामा-काकांनी एवढी तरी इभ्रत राखावी. शून्य सावलीचंही तसंच. 6 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. परतीच्या वाटेवर तो ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा येतो, पण तेव्हा गाव पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते बघत असतं. सावली कोण शोधतंय!

किरणोत्सवातली सगळ्यात दुःखद गोष्ट मात्र प्रकाशाची. सूर्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर तो आठ मिनिटांत तोडून येतो. वाटेत कुठं अडत नाही. आणि देऊळ हाकेवर असताना कधी ढग, कधी धूळ, कधी इमारतीचा वाढीव मजला आडवा येतो. भाचीला हे पटवणं कललेल्या आसापेक्षा अवघड गेलं. "त्या लोकान्ला कुणी सांगितलं नाही का?"

तर सांगतो. 31 जानेवारीला पोरांना घेऊन देवळात या, किरण बघताना प्रश्न विचारू द्या. आणि महाद्वार रोडला तुमचं घर असेल आणि गच्चीवर पाण्याची टाकी असेल, तर ती त्याआधी जरा बाजूला सरकवा.