टोचनविधी

गाडी बंद पडणे हा योग आहे, तो कुणाच्याही पत्रिकेत असू शकतो. टोचन मात्र विधी आहे. विधी म्हटला की साहित्य लागतं, नियम लागतात आणि चार अधिकारी माणसं लागतात. रस्त्यावर चाराच्या जागी चौदा जमतात आणि अधिकार सगळ्यांनाच असतो. एक जण बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलवर पाना आपटतो, दुसरा म्हणतो सेल्फ मारा, तिसरा म्हणतो अजिबात मारू नका. या मंडळींना चहा पाजून वाटेला लावावं आणि मगच पुढचं वाचावं.

समजा, पुण्याहून साताऱ्याला जाताना गाडी खंबाटकीच्या चढावर बसली. घाटात दोर काढायचा नाही, हा पहिला नियम. चढावर दोर तुटला तर गाडी उलटी पुण्याकडे निघते, आणि उतारावर न तुटताही ती ओढणाऱ्याच्या डिकीत शिरते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे. क्रेन मागवा आणि आधी घाट सोडा. तोवर हॅझर्ड लावा, माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि लाल त्रिकोण मागे लांबवर ठेवा. हा त्रिकोण बहुतेकांच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कोरा करकरीत असतो. तो वारसांना द्यायचा नसतो.

आता सपाटीवर आलात, मेव्हण्याला फोन झाला, तो जीप घेऊन निघाला. इथे कायद्याचं एक वाक्य ऐकून घ्या. केंद्राच्या 2017 च्या वाहन चालन नियमावलीनुसार बिघडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून न्यायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. घराचा त्यात उल्लेख नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटाशेजारी गॅरेज असेल तर तुम्ही भाग्यवान. बाकीच्यांनी 'आपला नेहमीचा मिस्त्री कोथरूडला बसतो' हे कारण सुरूरजवळ उभ्या असलेल्या पोलिसाला सांगून पाहावं.

साहित्य फार नाही. एक भक्कम नायलॉनचा दोर. साखळी नको, ती ताणत नाही आणि प्रत्येक हिसका थेट चेसिसला बसतो. दोन गाड्यांत अंतर जास्तीत जास्त 5 मीटर. दोर इतरांना सहज दिसला पाहिजे. नाहीतर एखादा दुचाकीवाला मधली फट बघून रस्ता ओलांडायला घुसतो. म्हणून मधोमध लाल फडकं बांधायचं. शिवाय मागच्या गाडीच्या पाठीवर पाटी हवी: पांढऱ्यावर काळी, 'ऑन टो', अक्षरं किमान 75 मिलिमीटर उंच. तीन इंच अक्षराचं काळं मार्कर आणि पांढरा पुठ्ठा घेऊन कोण प्रवासाला निघतं, असं विचारू नका. मिठाईच्या खोक्याची आतली बाजू पांढरी असते. कंदी पेढे खाऊन टाका.

दोर बंपरला बांधायचा नाही. बंपर हा आजकाल दागिना आहे, ओढला की हातात येतो. पुढच्या बंपरमध्ये एक छोटं चौकोनी झाकण असतं, त्यामागे आटे असतात, आणि त्यात बसणारा हुक स्टेपनीजवळच्या जॅक-पान्याच्या पिशवीत असतो. काही गाड्यांत हे आटे उलटे असतात. तिथे चौदा जणांतला सगळ्यात ताकदवान माणूस दहा मिनिटं जोर लावून हुक घट्ट करण्याऐवजी बाहेर काढत बसतो.

मागच्या गाडीत कोण बसणार, हा या विधीतला सर्वांत नाजूक प्रश्न. घरोघरी असा समज आहे की ती गाडी बंदच आहे तेव्हा तिथे कुणीही चालेल: धाकटा चिरंजीव, नाहीतर लायसन्स संपलेले काका. कायद्याला तिथे वैध लायसन्सवाला माणूस लागतो, आणि यात कायद्याचं बरोबर आहे. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीनदा दाबल्यावर संपतो. मग पेडल दगडासारखं होतं आणि दोन्ही पायांनी उभं राहावं लागतं. पॉवर स्टेअरिंगची पॉवर गेलेली असते. किल्ली काढून खिशात टाकली तर स्टेअरिंग लॉक होतं आणि पुढच्याच वळणाला गाडी सरळ शेतात जाते. म्हणून किल्ली ऑन, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. हॅझर्ड चालू असताना बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर लागत नाही, तेव्हा वळताना खिडकीतून हात काढावा.

आणि खरं कसब पुढे आहे: ब्रेक मागच्याने मारायचा असतो. पुढच्याने फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. मागच्याने हलका ब्रेक धरून दोर ताठ ठेवायचा. दोर ढिला पडून पुन्हा ताणला की हिसका बसतो, दोर तुटतो आणि नात्यातही अंतर पडतं. दोघांनी निघण्यापूर्वी खुणा ठरवून घ्याव्यात. फोनवर बोलत चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, तेव्हा खिडकीतून "दाजी, ब्रेक! दाजी, ब्रेक!" असं ओरडावं लागतं आणि दाजींना ते नेमकं "दाजी, ठीक?" असं ऐकू येतं. वेग ताशी पंचवीसच्या आत. सायकलवाले मागे टाकून जातील, जाऊ द्या.

आता मेव्हण्याचा मान. विम्याच्या दृष्टीने बिघडलेली गाडी ओढायची ती मोबदला न घेता. म्हणजे मेव्हण्याने डिझेलचे पैसे मागितले तर त्याचा विमा धोक्यात घालू नका. 'तुझ्या भल्यासाठीच देत नाही' असं प्रेमाने सांगा. ओढताना तुमच्या गाडीला काही झालं तर त्याची विमा कंपनी ते भरून देत नाही. आणि 'आपल्या पॉलिसीत टोइंगचे 1500 रुपये आहेत' म्हणून खूश होऊ नका. ते अपघातात सापडलेल्या गाडीसाठी असतात. नुसती बंद पडलेली गाडी ही विम्याच्या दृष्टीने तुमची खासगी बाब आहे. त्यासाठी रोडसाइड असिस्टन्स नावाची वेगळी जोड आधीच घेतलेली असावी लागते. ती घेतली आहे की नाही, हे घाटात नव्हे, घरी बसून पाहावं.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर वरचं सगळं विसरा. त्या गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवली की आतले भाग कोरडे घासतात, आणि मेव्हण्याची फुकट मदत गिअरबॉक्सच्या किमतीला पडते. इलेक्ट्रिक गाडीलाही दोर लावायचा नाही. या दोघींना फ्लॅटबेडच हवा.

खरं तर सगळ्यांनाच हवा. फ्लॅटबेडवर चारही चाकं रस्त्यावरून उचललेली असतात, मागे ब्रेक मारायला कुणी बसावं लागत नाही आणि गाडी गॅरेजऐवजी थेट घरीसुद्धा नेता येते. भाडं किलोमीटरवर की ठोक, हे गाडी चढवण्याआधी ठरवा, चारही बाजूंचे फोटो काढा आणि पावती मागा.