एका बारगिराची रपेट

पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट अशी मजल मारीत, पौड मागे टाकून कोळवणच्या खोऱ्यात शिरणाऱ्या मनुष्यास, तिकोन्याचा त्रिकोणी माथा आणि वाळकी नदीकाठची भातखाचरे पाहून, आपल्या अंगात शिवकालीन रक्त खेळत असल्याचा जो क्षणिक भ्रम होतो, त्या भ्रमाच्या भरात मी एका स्नेह्यांच्या घोडीवर बसण्याचे कबूल केले. मराठी फौजेत स्वतःचा घोडा बाळगी तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. सबब माझी योग्यता बारगिराची. शिवछत्रपतींच्या पागेत २५ बारगिरांमागे एक नालबंद व एक पखालजी असे. माझ्या एकट्याच्या दिमतीस एक वृद्ध मोतद्दार होता, आणि तोही वस्तुतः घोडीच्या दिमतीस होता, हे मला मागाहून उमगले.

शास्त्राध्ययन मी करूनच गेलो होतो. झेनोफन नामक ग्रीक सेनानीने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वारोहणावर जो प्रबंध लिहिला, त्यात बळजबरीने करविलेल्या घोड्याच्या हालचालीत चाबकाने नाचविलेल्या नर्तकाइतकेच सौंदर्य असते, असा अभिप्राय आहे. तदनुसार मी घोडीवर यत्किंचितही जबरदस्ती केली नाही. ही सवलत तिने तत्काळ स्वीकारली व ती जागची हलली नाही.

अखेर मोतद्दाराने जिभेने टक् असा आवाज करताच ती दुडकीला लागली. दुडकीत तिरपे दोन दोन पाय एकदम पडतात, म्हणून ठोके दोनच; तिसरा माझा, खोगिरावर, आणि तो दर खेपेस निराळ्या मात्रेवर. चाळीस वर्षे मैफलींत पुढे बसून हाताने सम दाखविणाऱ्या या रसिकास ती तेथे एकदाही सापडली नाही.

"सायेब, लगाम वढू नगा. त्यो काय सायकलीचा ब्रेक न्हाय."

खोगीरभरती हा शब्द मी आजवर इतरांच्या पुस्तकांवरील परीक्षणांतच वापरीत आलो होतो. त्या सकाळी त्याचा अर्थ मला बसल्या जागी कळला. पुढे मळणी झालेल्या एका खाचराशी घोडी आपखुशीने थांबली. म्हणीत घोडे पेंड खाते. कोळवणात ते पेंढ्यावरही भागवते.

परतल्यावर मोतद्दाराने तंग सोडला, पाठीवरचा घाम पेंढ्याच्या बोळ्याने टिपला आणि एका हातात ब्रश, दुसऱ्यात खरारा घेऊन तो घोडीच्या मानेशी उभा राहिला. केसांच्या ओढीने चार हात, मग ब्रश खराऱ्यावर एकदा खरडायचा; चार हात, एक खरड. माझी हरवलेली सम येथे, शेणाच्या वासात, बिनचूक पडत होती. मग त्याने खांद्यावरून हात सरकवीत खाली नेला, तशी घोडीने आपण होऊन खूर त्याच्या तळव्यावर ठेवला, आणि आकडीने काढलेला हरभऱ्याएवढा खडा त्याने मला दाखविला.

"ह्यो व्हता. म्हनून येताना पाय जपत व्हती."

मी तिचे ते नखरे समजलो होतो.

"मामा, एवढे रोज करता?"

"रोजचं हाय म्हनून तर. येका दिसाचं आस्तं तर कसंबी चाललं आस्तं."

निघताना पाच किलो आंबेमोहर घेतला. दुसऱ्या दिवशी तो निवडण्याचे काम मी मागून घेतले आणि ओट्याशी उभ्यानेच सुरू केले, कारण बसण्याचा प्रश्न त्या आठवड्यात उद्भवत नव्हता. ताटावर चार हात, मग दाणा डोळ्याशी. चार हात, दाणा डोळ्याशी. अर्ध्या तासाने पत्नीने डोकावून पाहिले.

"अहो, तांदूळ निवडताय की त्यांची ओळख करून घेताय?" असे म्हणून तिने ताट उचलून नेले.